बायकांच्या मुतारीचं उद्घाटन

मी शिकले ती चुलत्यांमुळं. बारामतीच्या कॉलेजला जायचे तेव्हा पहाटे मला भिगवणच्या स्टँडवर सोडायला तेच यायचे. घरातली पहिली पदवीधर त्यांच्यामुळं झाले, हे मी विसरणार नाही. पण सरपंच म्हणून त्यांच्याबद्दल मला काडीचा आदर नाही. मुळात ते सरपंच नव्हतेच.

सरपंच होती माझी चुलती. जागा बायकांसाठी राखीव निघाली म्हणून चुलत्यांनी तिला उभं केलं, आणि निवडून आल्यावर गुलाल स्वतःच्या अंगावर घेतला. ग्रामपंचायतीचे पैसे सरपंचाच्या डिजिटल सहीशिवाय निघत नाहीत. त्या सहीचं बोटाएवढं डोंगल चुलत्यांच्या मोटारसायकलच्या किल्लीला लटकायचं. चुलतीची सगळी सत्ता ती एवढीच.

तिला एकच काम करायचं होतं. आठवडे बाजारात बायकांसाठी मुतारी. ती स्वतः तिथं वर्षानुवर्षं भाजी विकायला बसलेली. बाजारच्या दिवशी बायका पाणी का पीत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं. चुलत्यांना मात्र वेशीवर कमान हवी होती, तीही आजोबांच्या नावाची.

महिला ग्रामसभा भरली. बायकांच्या सभेतसुद्धा चुलते खुर्चीवर आणि सरपंच सतरंजीवर. कमान म्हणजे गावाची इज्जत, असं ते समजावू लागले. एक भाजीवाली म्हणाली, "तात्या, मग बाजारच्या दिशी कमानीच्या आडोशाला बसू का आमी?"

बायका हसल्या. चुलती उठली आणि तिनं नवऱ्यापुढं हात केला. "डोंगल द्या."

"घरी बघू."

"हितंच द्या."

एकही बाई जागची हलेना. शेवटी ग्रामसेवकावर उगाच डाफरत त्यांनी ते किल्लीतून सोडवून दिलं.

कमान राहून गेली, मुतारी झाली. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर सगळे पुढारी, मधोमध चुलते, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढी चुलती. फीत पुरुषांनीच कापली, आत शिरून फोटो काढले आणि दारात उभं राहून स्त्रीशक्तीवर भाषणं सुरू केली. एकालाही लाज वाटली नाही. बाजार ऐन भरात होता. पाट्या शेजारणीच्या हवाली करून आलेल्या बायका समोर ताटकळत होत्या.

चुलती पुढं झाली.

"सरका समदे," ती म्हणाली. "बायास्नी आत जायचंय."