पदराखालचे हात

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण पायाने केलेला एकच. निमगाव साव्याला नांदायला येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मी चार बायकांत सांगून बसले की मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. पायाळू माणसाने डावा पाय तीनदा पाठीवरून फिरवला की भरलेली उसण निघून जाते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. खरं तर अवसरी खुर्दला मी अगदी रीतसर डोक्याकडून जन्मले होते. पण अवसरी लांब, आणि माझ्या वेळची सुईण देवाघरी गेलेली. विचारायला जाणार कोण?

हे खोटं मला सुचलं ते अंग चोळणाऱ्या, हाडं बसवणाऱ्या कागदीण मावशीमुळे, जरी त्या बिचारीला त्याचा पत्ता नव्हता. साऱ्या जुन्नर तालुक्यात माणसाला पाठीवरून ओळखणारी बाई ती एकटी. तोंड तिच्या लक्षात म्हणून राहायचं नाही. जुन्नरच्या बाजारात आमच्या थोरल्या जाऊबाई हसत तिच्यापुढे उभ्या राहिल्या, तर ही आपली परक्यासारखी बघत राहिली. जाऊबाई रुसून वळल्या, तशी मागून हाक आली, “अगं, तू व्हय? डावा खुबा कसा हाय आता?” तिच्या सासरी पिढ्यान् पिढ्या हातकागद व्हायचा. लगदा कुटायचा, ताव उचलायचे, भिंतीला लावून सुकवायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटून चकचकीत करायचे. पुढे गिरणीचा कागद आला, घरातली लगद्याची कुंडी कोरडी पडली, आणि मावशीने तोच हात माणसांवर चालवायला घेतला. भाषा मात्र कागदाचीच राहिली. बाळंतिणीचं पोट म्हणजे लगदा, मुरगळलेला पाय म्हणजे चुरगळलेला ताव. कुणी विव्हळलं की म्हणायची, “आत्ताच रडू नगं, घोटायचं राहिलंय अजून.” आमच्या घरचं तेल तिला चालायचं नाही. स्वतःची बुधली घेऊन यायची आणि आमच्या तेलाकडे अशी बघायची, जणू त्याने तिलाच विटाळ होईल.

पण तिची खरी भीती वाटायची ती अंगाला हात लावण्याआधी. माणूस पालथं पडलं की ही शेजारी बसायची, दोन्ही हात पदराखाली घ्यायची, डोळे मिटायची. ओठ तेवढे हलायचे. तोवर कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. एकदा मला शिंक आली, ती मी अशी गिळली की डोळ्यांतून पाणी आलं. जाऊबाई म्हणत, तो मंत्र आहे. सासूबाई म्हणत, तिच्यामागे कुणी पीर आहे. मी काहीच म्हणत नसे, कारण मला श्वास घ्यायचंही भय वाटे.

जाऊबाईंच्या बाळंतपणात ती सव्वा महिना आमच्याकडे राहिली. ज्यांच्यापुढे मामंजींचाही आवाज चढत नसे त्या सासूबाई, तिच्यापुढे पालथ्या पडून मांजरासारख्या कण्हत. मला मात्र त्या घरात घागरीइतकीच किंमत. मावशी परत गेली, आणि आठच दिवसांत शेजारच्या काकूंना उसण भरली. “कुनी पायाळू हाय का गं?” असं विचारलं, आणि माझं तोंड मला न विचारता म्हणालं, “मी हाय.”

काकूंची उसण आपोआप गेली असणार. पण नाव माझं झालं. मग काय विचारता! जी सून डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती, ती गावातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या पाठीवर पाय ठेवू लागली. ज्यांनी माझ्या भाकरीला नावं ठेवली होती, त्यांच्यावर अंमळ जास्तच भार पडायचा. फक्त एक होतं. वीज पायाळूला शोधत येते म्हणतात. आभाळ गडगडलं की घरातल्या साऱ्याजणी माझ्याजवळून उठून पलीकडच्या खणात जात, आणि मी एकटी उखळापाशी कानांवर हात ठेवून बसे. मी डोक्याकडून जन्मलेय हे मला ठाऊक होतं. विजेला ठाऊक आहे का, हे कळायला मार्ग नव्हता.

आणि एका सकाळी सासूबाई माळ्याच्या शिडीवरून घसरल्या. कंबर धरून तिथेच आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, “धाकटीला बोलवा.” माझा पाय आता सरावला होता. आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या कालवणावरून मला सर्वांदेखत सुनावलं होतं, तेही पायाला आठवलं असावं. तिसऱ्यांदा पाय ठेवला आणि आत काहीतरी कट्‌कन वाजलं. सासूबाई ओरडल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “माझा उजवा पाय कुठं गेला गं?”

मावशीला आणायला जुन्नरला गाडी गेली. गाडी परतेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. सासूबाईंचा पाय लाकडासारखा पडलेला, आणि त्या उलट माझीच समजूत घालत होत्या, “तुजा काय दोष, पोरी.” ती समजूत मला त्यांच्या बोलण्यांपेक्षा जड गेली.

मावशी आली. पाठीवरून नजर फिरवून म्हणाली, “हिला हात कुनी लावला?”

“हात न्हाई, पाय,” जाऊबाई म्हणाल्या. “आमची धाकटी पायाळू हाय.”

मावशीने वर बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं तोंड नीट पाहिलं. मग हात पदराखाली घेतले. त्या दिवशी ते फार वेळ बाहेर आले नाहीत. तेलाची वाटी धरून मी शेजारी बसले होते आणि मनात म्हणत होते, आता हिचा पीर हिला सगळं सांगतोय.

मग तिने खुबा धरला, पाय उचलला, हळूहळू दुमडला आणि अचानक फिरवला. सासूबाईंनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि लाथ झाडली. तेलाची वाटी भिंतीवर गेली. “आला पाय,” मावशी म्हणाली आणि पदराने तोंडावरचं तेल पुसलं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई भिंत धरून चालल्या. निघताना मावशीने सगळ्यांना बजावलं, “हिचं पायाळूपन उतरलंय. लग्नामागून उतरतं कदी कदी. आता हिचा पाय कुनाला लावू नगा.” लोकांनी माना डोलावल्या. आभाळ गडगडलं तर आता जाऊबाई माझ्याजवळ बसणार होत्या.

पुढे चार पावसाळे मी तिच्या हाताखाली शिकले. आता ती नाही, तिच्या भिंतीला ताव लागून तर किती वर्षं झाली. आजही पतवंडाला पायावर घेण्याआधी मी घटकाभर दोन्ही हात पदराखाली घेते. नातसुना गप्प होतात, मंत्र चाललाय म्हणतात. मी म्हणू देते. सासूबाईंचा पाय आला त्या दिवशी परसात तिच्या हातांवर पाणी ओतताना मी रडत रडत सांगितलं होतं, की मी पायाळू नाही, आणि तिचा तो मंत्र मला हवाय. ती ओले हात झटकत म्हणाली होती,

“मंत्र कसला, बेटी? कागद फाटला तर दुसरा करता येतो, मानसाचं तसं न्हाई, म्हनून भ्या वाटतं मला. हात थरथरायचे थांबेस्तवर पदराखाली लपवून ठिवते. तुजा पाय थरथरला व्हता का गं, तिच्या पाठीवर ठिवताना?”