पिसाळलेल्या कुत्र्याचा मेंदू आणि पाटलांची साक्ष

‘कंपाउंडराने भीतीपोटी कुत्र्याचा मेंदू औषधात मारून टाकला. मेलेल्या विषाची परीक्षा होत नसल्याने मुंबईकरांनी मनाला येईल ते लिहिले आणि धडधाकट कुत्र्यापायी एका गरीब बाईच्या पोटात चौदा सुया गेल्या.’ कशेळ्याकडच्या एका माजी पाटलांनी शाळेच्या स्मरणिकेत हे छापून आणले आहे. तो भित्रा कंपाउंडर मी. भीतीचा आरोप मला मान्य आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या कवटीपुढे ज्याला भीती वाटत नाही, त्याच्या स्वतःच्या कवटीत काय आहे हेही एकदा उघडून पाहावे.

तेव्हा मी कर्जतच्या दवाखान्यात होतो. डोंगरातल्या वाडीवरची एक लेकुरवाळी ठाकरीण कुत्रे चावलेला हात घेऊन आली. भगताने जखमेवर मुळी बांधली होती, मूल अंगावर पीत होते आणि सुया घ्यायला मुंबईला जायला तिचा साफ नकार होता. ‘कुत्रं येडं व्हतं का नाय, त्ये आदी सांगा, दादा. मंग जाईन.’ मागणी रास्त होती. कुत्रे लोकांनी पाटलांच्या गोठ्यामागे मारले होते. डॉक्टरांनी मला तिकडे धाडले.

सुताराची पटाशी मागून मी कवटी उघडली. (पटाशी उकळून परत नेली, तर तो म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या तुमालाच. आमच्या दारात नको.’) मेंदू ताजाच पाठवला असता आणि वाटेत बाटली फुटली असती, तर एखाद्या हमालाच्या चिरलेल्या बोटाला विष लागले असते. म्हणून डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे सुपारीपेक्षा लहान तुकडे करून मी ते रसकापुराच्या, म्हणजे पाऱ्याच्या जहाल क्षाराच्या पाण्यात बुडवले. त्यात विष मरते. परंतु त्याने मेंदूत केलेल्या खुणा जागच्या जागी राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. बूच लाखेने बंद केले, बाटली भुशाने भरलेल्या डब्यात ठेवली आणि डबा कथलाने झाळून मुंबईच्या प्रयोगशाळेकडे पाठवला.

पाटील हे सारे ओट्यावरून पाहत होते.

‘मेलेल्या चोराची साक्ष काय काढतोस रं?’

‘साक्ष नाही, पाटील. त्याने मारलेले वळ बघायचे आहेत. ते राहतात.’

‘तुला भ्या वाटलं असं सांग की.’

‘वाटलं. तुम्ही खाली उतरा, म्हणजे दोघांना वाटेल.’

ते उतरले नाहीत.

मुंबईहून उत्तर आले: खुणा आहेत. बाई मूल पाठीशी बांधून गेली आणि चौदा सुया घेऊन परतली. पुढे बाजारात मी दिसलो की ती पोटावर हात ठेवून म्हणे, ‘कुत्र्यापरीस तुजा कागद लई चावला, दादा.’ ती वाचली, एवढ्याने माझी बाजू सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. कुत्रे धडधाकट असते तरीही ती वाचलीच असती, हा पाटलांचा मुद्दा तर्काला धरून आहे. त्यांच्या लेखात तसा तो एकच आहे.

मात्र एक गोष्ट लिहायची त्यांच्याकडून राहून गेली. बाईला चावले त्याच सकाळी त्याच कुत्र्याने त्यांच्या पांढऱ्या बैलाच्या नाकाचाही चावा घेतला होता. बैलाला कोणी सुया दिल्या नाहीत. पुढच्या महिन्यात तो तीन दिवस लाळ गाळीत, हंबरत, दावणीचा खुंटा चावत मेला आणि त्याच्यासाठी खड्डा पाटलांनीच खणवला.