जुड्या बांधताना ऐकलेला नवा अल्बम

आमच्या बँडचा नवा अल्बम आला तेव्हा मी इतकी थकलेली होते, की आनंद करणंसुद्धा जिवावर आलं. त्यातून त्याच आठवड्यात मला मोठ्या जाऊबाईंना एक गोष्ट सांगायची होती. भाजीची वाडी आता माझ्याच्यानं होत नाही, हा हंगाम शेवटचा. नवऱ्याशी बोलून झालं होतं, भासरे, म्हणजे जाऊबाईंचे मालक, तयार होते, त्या जागी सोयाबीन पेरायचं ठरलंही होतं. घरात फक्त जाऊबाईंनाच माहीत नव्हतं, आणि सांगायचं मी, कारण बाकी कोणाची हिंमत नव्हती. पुरुषांचं असंच असतं. ठरवायला पुढे, सांगायला मात्र आम्ही.

'आमचा बँड' म्हटलं की लोक हसतात. रिसोडजवळच्या खेड्यातल्या, डोक्यावर पदर घेणाऱ्या दोन बाया आणि रॉक बँड! हसा बाप्पा, पोटभर हसा. जाऊबाईंचा भाऊ नागपूरला शिकायला होता. त्यानं बहिणीला आपला जुना टेप दिला आणि सोबत या बँडची कॅसेट. हिंदीत गाणारी, खांद्यापर्यंत केस वाढवलेली पोरं. मी लग्न होऊन आले तेव्हा कॅसेट घरात होतीच. दुपारी आम्ही दोघी गोठ्यामागच्या सावलीत बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या आणि सांबाराच्या जुड्या बांधायचो. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. मधे टेप. सासूबाई म्हणायच्या, "कोनाच्या वरातीतून पयून आले हे? जेवाले तरी देल्लं का नाही त्यायले?"

टेप सेलवर चालायचा. दर वेळी नवे सेल कोण आणून देणार? जुनेच पत्र्यावर उन्हात ठेवायचे, थोडा जीव आला की परत टाकायचे. म्हणून टेप कायम रेंगाळायचा. गाणी संथ, गाणाऱ्याचा आवाज जाड, बसका, चढावर गाडी ओढणाऱ्या बैलासारखा. आम्हाला वाटायचं, हा माणूस असाच गातो. वर्षानुवर्षं आम्ही त्याला तसाच ऐकला आणि तसाच जीव लावला. पुढे टेप मोडला. मग माझ्या मुलीच्या मोबाइलवर तीच गाणी लागली तेव्हा कळलं, की हा तर चांगल्या बारीक, तरतरीत आवाजात भराभर गातो! मला हसू आवरेना. जाऊबाई मात्र चिडल्या. "हा तो नाही," म्हणाल्या. "हे दुसरंच कोनतं तरी पोट्टं हाय." मला मोबाइलवरच्या गाण्यांची सवय झाली, ती आवडायलाही लागली. त्यांनी मात्र ऐकणंच सोडलं. त्यानंतर दुपारी आमच्यात गाणं नसायचं, नुसत्या जुड्या असायच्या.

मधली कित्येक वर्षं बँडनं नवं काही काढलं नव्हतं. आणि आता हा अल्बम. मुलीनं पुण्याहून पाठवला. सकाळी भाजीचा हर्रास, म्हणजे लिलाव, आटोपून मी रिसोडहून जीपमध्ये परत येत होते, तिथंच कानाला लावला. पहिलं गाणं बरं होतं. दुसऱ्यात गाणाऱ्याला दम लागलेला ऐकू येतो. तिसऱ्यात तर ओळ संपायच्या आत आवाज खाली बसतो. गिटारवाला तेवढा जोर लावतो बिचारा. मोबाइलवर गाण्याखाली लोकांची लिहून लिहून भांडणं चाललेली. एक म्हणे, आवाज गेला, आता घरी बसा. दुसरा म्हणे, ऐकून रडलो. तिसरा म्हणे, जुनंच ऐका, हे विसरा. मला तिघांचंही पटत होतं. रागही येत होता. इतके थकले तर गाता कायले बाप्पा? कोणी जबरदस्ती केली? आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. त्यांना निदान कोणीतरी थांबा म्हणत होतं. मला इतक्या वर्षांत कोणी म्हणालं नव्हतं.

दुपारी ठरवलं, आज सांगून टाकायचं. जाऊबाईंचं मन जरा हलकं व्हावं म्हणून मोबाइल उलट्या टोपल्यावर ठेवून अल्बम लावला. गाणारा पहिली ओळ गायला आणि जाऊबाईंचा हात जुडीवर थांबला.

"हाच तो," त्या म्हणाल्या. "हाच! कुठी होता वं इतके दिवस?"

त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. बोटं वाकडी झालीत त्यांची, तरी भराभर सुतळी फिरायला लागली.

"लोक नावं ठेवून राह्यले त्याले," मी म्हटलं. "आवाज बसला म्हनतात."

"लोकायचे कान बसले असन. त्याचा आवाज असाच होता."

झालं! आता या बाईला काय सांगू? पण आज गिळलं असतं तर पुढच्या हंगामाचं भाजीचं बी घरात येऊन पडलं असतं. गाणं चालू असतानाच बोलून टाकलं. वाडी बंद, सोयाबीन, माझे गुडघे, सगळं एका दमात. त्यांच्याकडे बघायची छाती झाली नाही.

त्यांनी हातातली जुडी पुरती बांधली. मग म्हणाल्या, "मले वाटलंच. हे दोन दिवसांपासून माया तोंडाकडे पाहून नाही राह्यले." आणि पुढची मेथी हातात घेत, "लय थकली काय वं?"

"लय थकली, बाई."

"मी बी थकली."

हुश्श! मला वाटलं, सुटले. उगाच इतके दिवस धास्ती घेतली. मी आनंदानं म्हटलं, "मंग झालं तर. आता दुपारी आरामात बसू आपन. गानी ऐकू."

"बसू?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कायले बसू?"

"अशाच. काही काम नाही, धंदा नाही."

त्यांनी मेथी बाजूला सारली. हात पदराला पुसले आणि मांडीवर ठेवले. मीही ठेवले. इतक्या वर्षांत आम्ही दोघी अशा रिकाम्या हातानं समोरासमोर कधी बसलो नव्हतो. गाणं चालूच होतं. ते अर्धं संपायच्या आत त्यांची बोटं पदराचा काठ वळायला लागली. वळायची, सोडायची, पुन्हा वळायची.

"मले नाही येत वं असं बसता," त्या म्हणाल्या. "कोनी शिकवलंच नाही."

खरं सांगते, मलाही येत नव्हतं.