इंजिन थांबवणारा माणूस

परवा शनिवारी दुपारी सिंगापूरमधल्या यिशुनच्या फ्लॅटमधून नुसता कंटाळून बाहेर पडलो. बायको आणि लेक पुण्यात... शुक्रवारी ऑफिस सुटल्यापासून कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो.

लायब्ररीच्या हॉलमध्ये सिनेमा होता. आम्ही प्रेक्षक नऊजण. दिग्दर्शिका स्वतः आल्या होत्या... पन्नाशीच्या, लहानखुऱ्या, मूळच्या व्हिएतनामच्या.

आठ वर्षांच्या असताना आईबरोबर होडीतून त्यांनी देश सोडला. पाच दिवस भरकटल्यावर एका मालवाहू जहाजाने त्यांना उचललं आणि इथे सिंगापूरला उतरवलं. काही महिने निर्वासितांच्या छावणीत, मग थेट नॉर्वे. तिथे हॉटेलात भांडी घासता घासता त्या एडिटिंग शिकल्या, चाळिशीत पहिला सिनेमा केला. हा तिसरा... त्यांच्याच होडीचा.

सिनेमा संपला. प्रश्न विचारा म्हणाले, तर कोणीच बोलेना. मी पंधरा वर्षं जहाजावर इंजिनिअर होतो. हात वर केला.

"मॅडम, जहाज थांबलं तरी तुमच्या सिनेमात मेन इंजिनचा आवाज चालूच आहे. तो बंद व्हायला हवा."

बोललो आणि ओशाळलो... एवढ्या मोठ्या गोष्टीत मला हेच दिसावं!

त्या मात्र स्टेजवरून खाली उतरून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"ते बंद कोण करतं?"

"खाली इंजिनरूममधला माणूस. वरून 'स्टॉप'ची ऑर्डर आली की."

"का थांबायचं, ते सांगतात त्याला?"

"तेव्हा नाही. नुसती घंटा वाजते."

त्यांनी पिशवीतून वही काढली. मग म्हणाल्या, "कॅप्टनना मी शोधून काढलं, भेटलेसुद्धा. आई गेली, होडीतलं माझ्याशिवाय आता कोणी उरलं नाही... पण हा खालचा माणूस मला कधी सुचलाच नाही."

मग खालच्या कॉफीशॉपमध्ये तासभर त्या विचारत राहिल्या. इंजिनरूममध्ये उकाडा किती, त्याच्या हातात काय असेल, इंजिन थांबल्यावर तो काय करेल... सगळं वहीत लिहून घेतलं. महिन्याभरात मी एवढं बोललो नव्हतो.

निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "थँक यू."

"मॅडम, तो मी नव्हतो."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, "पण तो आता कुठे सापडणार?"

घरी जायला एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसलो तेव्हा डोळे भरून आले. कोणा अनोळखी इंजिनिअरचे आभार त्या माझ्याकडे ठेवून गेल्यात... त्याच्या वतीने मी ते नीट सांभाळीन.