फिलिपाइन्सची वीत

मुलगी ओमानमध्ये सोहारला सहावीत होती तेव्हा तिच्या वाट्याला फिलिपाइन्स आलं. आग्नेय आशियातल्या एकेका देशाची जुनी मापं शोधून चार्ट करायचा होता. नवरा ॲल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्टला, म्हणजे प्रोजेक्ट माझ्याच गळ्यात.

नेट उघडलं आणि डोकंच फिरलं. तांदूळ मोजायच्या 'गांता' नावाच्या मापाचा एका साईटवर एक आकडा, दुसरीवर दुसराच.

"मम्मा, यातलं करेक्ट कुठलं?"

"मला काय माहीत!"

समोरच्या फ्लॅटमध्ये मनिलाजवळच्या खेड्यातली एक नर्स राहायची. मुलीला घेऊन तिच्याकडे गेले. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती, तरी 'गांता' ऐकताच खुलली. इंग्रजीतून सांगू लागली, "लाकडी खोकं असायचं. आई त्यात तांदूळ भरून वरून पट्टीने सपाट करायची. बाजारवाल्याचं खोकं मात्र जरा लहानच!" मग लांबीचं माप दाखवायला तिने पंजा ताणून टेबलावर टेकवला. "हे डांगकाल."

"अगं, ही तर आपली वीत!" मी मुलीला म्हटलं आणि माझाही पंजा शेजारी टेकवला. माझी वीत मोठी निघाली. आम्ही दोघी हसलो.

मुलगी हसली नाही. "पण किती सेंटीमीटर?"

"ज्याचा त्याचा हात," नर्स म्हणाली.

"मग हे राँग आहे ना?"

घरी आल्यावर मी समजावायला बसले. "आमच्याकडे चिपळूणला पायली होती, भात मोजायला. तीसुद्धा सगळीकडे सारखी नसायची. आणि वीत म्हणजे..."

"मम्मा, प्लीज! इंडिया माझी कंट्री नाहीये."

"म्हणजे?" मी विचारलं.

"माझी फिलिपाइन्स आहे. इंडिया कुणालाच नाही दिली."

तिचं बरोबर होतं, तरी माझा आवाज चढला. "कर मग तुझं तू!" म्हणून मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. तिने पहिल्या साईटवरचे आकडे सुबक अक्षरात उतरवले, कडेने चकाकत्या टिकल्या लावल्या. टीचरने त्यावर 'एक्सलंट' लिहिलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण चिडचिडच झाली.

त्यानंतर एकदा नर्स लिफ्टपाशी भेटली. तिने भावाकडून मुद्दाम फोटो मागवला होता. तेच आईचं खोकं, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेलं. आता त्यात मोबाईलच्या वायरी ठेवतात म्हणाली.

"चार्टवर लावशील?" तिने मुलीला विचारलं.

"सबमिट झाला, आंटी." मुलीने फोटोकडे ओझरतं पाहिलं. "नाईस."

लिफ्ट आली. नर्स फोन तसाच पुढे धरून उभी होती. मुलीने आत जाऊन आमच्या मजल्याचं बटण दाबलं. मी फोन हातात घेऊन तो फोटो नीट पाहिला, आणखी काहीबाही विचारत राहिले. आतून दार धरून मुलगी दोनदा "मम्मा, चल ना" म्हणाली.