चार थेंब पाणी

आमच्या मोशी गावच्या गोठ्यातून दूध निघायचं म्हटलं की सासूबाई आधी किटलीत पाणी शिंपडणार. बोटांनी, चार थेंब. निव्वळ दूध घराबाहेर गेलं तर म्हशीला नजर लागते, ती आटते, हा त्यांच्या माहेरचा रिवाज. मी त्यांना आत्या म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. पण ज्या सकाळी मी फ्लॅटच्या सोसायटीत रतीब घालायला गेले आणि गेटवर अन्न खात्याची माणसं आली, त्या सकाळी हसू कुठल्या कुठं पळालं.

त्यांनी किटली ढवळली, दूध बाटल्यांत भरलं, नासू नये म्हणून त्यात औषधाचे थेंब टाकले, सील ठोकलं, माझी सही घेतली. "घाबरू नका ताई, रिपोर्ट येईल," साहेब म्हणाला. घाबरू नका म्हणे! दुधात पाणी निघालं तर विक्रीची परवानगी जाणार. नवऱ्यानं तर सांगूनच ठेवलं होतं, तसं झालं तर म्हशी विकायच्या आणि चाकणला कंपनीत कंत्राटावर लागायचं.

घरी येऊन मी आत्यांवर तुटूनच पडले. "आज किती पाणी घातलंत?"

"रोजच्यावानी. चार थेंब."

"चारच ना?"

"अगं, त्यांनी बी थेंब टाकलं म्हनतीस न्हवं? त्यांचं चालतं व्हय?"

कप्पाळ माझं! चार थेंबांनी काही होत नाही हे मलाही कळत होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. भाकरी तव्यावर टाकून गोठ्यात जायचे, म्हशींकडे बघायचे, परत यायचे, तोवर भाकरी करपलेली. फोन वाजला की पिठाच्या हातानंच धावायचे. गिऱ्हाइकानं दूध जरा निरखून बघितलं तरी राग यायचा.

आत्यांनी त्या दिवसांत पाणी शिंपडणं बंद केलं. मी तसं सांगितलं नव्हतं. किटली निघाली की त्या तोंड फिरवून बसायच्या आणि मग दुपारभर म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहायच्या.

रिपोर्ट आला. दूध चोख! मी पळतच गोठ्यात गेले. "आत्या, सुटलो बाई! घाला आता तुमचे चार थेंब."

त्या जागच्या हलल्या नाहीत. "न्हाई. आता मी न्हाई घालायची."

"का हो?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. त्यांचा चहा बशीत सांडायचा तो मी रोज पुसत होते, पण हात कधी नीट बघितलाच नव्हता.

"किती पडत्यात ते मलाच कळंना झालंय," त्या म्हणाल्या. "तू इचारलंस, मी चार म्हनलं. खरं किती व्हतं, द्येवाला ठावं. तवापासनं डोळ्याला डोळा न्हाई माझा."

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"तू घाल. पर घाल बरं का. म्हशीला सोसायचं न्हाई."

मी बोट बुडवलं. रस्त्यावर कोणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि किटलीत एकच थेंब टाकला.