सईचा मराठीचा तास

परभणीची एसटी बोरीच्या थांब्यावर आली, तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, चार वर्षांच्या सईला उचलून माझ्याकडं दिलं आणि खिडकीशी येऊन म्हणाले, “तिथली बोली शिक माय. मुक्यावानी ऱ्हाऊ नको. जबान आली की मुलूख आपला व्हतो.”

नवरा नोकरीसाठी आधीच फिनलंडला गेला होता. मी नर्स, सईला घेऊन मागून निघाले होते. आबा शेतकरी, पण हे ते उगाच बोलत नव्हते. निजामाच्या अमलात त्यांच्या वडिलांची शाळा उर्दूत झाली. घरची मराठी शाळेत तोंडातून निघाली की मास्तर हसायचे. मराठी अक्षरं आजोबा मोठेपणी, स्वतःच्या हौसेनं शिकले.

बोरीच्या माणसांनो, तुम्ही फोनवर विचारता, “तिथं लय थंडी आसंल न्हाई?” थंडीची सवय होते. मला जे लागलं ते वेगळंच, आणि ते मी आजवर तुम्हाला सांगितलं नाही.

मला वृद्धाश्रमात काम मिळालं, पण बोलता येईना. गावात फिन्नी भाषा आणि फिन्नी अस्मिता जपणारं एक जुनं मंडळ होतं. ते आमच्यासारख्यांना संध्याकाळी फुकट शिकवायचं. शिकवायला आइला होती, सत्तरीची निवृत्त शिक्षिका. फिन्नीत अहो-जाहो फारसं नाही; एवढ्या मोठ्या बाईला ‘तू’ म्हणताना सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. तिनं पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: तालो, तालोस्सा, तालोस्ता. घर, घरात, घरातून. मी हसले. हे तर आपल्यासारखंच! शब्दाला मागून प्रत्यय लागतो आणि अर्थ बदलतो.

एकदा आइलानं सांगितलं, की कधीकाळी इथं कचेरीत आणि वरच्या शाळेत सगळं स्वीडिशमध्येच चालायचं; फिन्नी म्हणजे कुणब्यांची, गड्यांची भाषा. मी तिला आजोबांची गोष्ट सांगितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून ती म्हणाली, “म्हणजे तू आमचीच.” परक्या मुलखात असं कुणी म्हटलं की माणूस विरघळतो. मी विरघळले. मंडळाची सभासद झाले, कार्यक्रमांना चिवडा करून नेऊ लागले.

वार्षिक सभेत त्यांनी मला बोलायला उभं केलं. मी आजोबांचं सांगितलं, सईचंही सांगितलं. मी म्हणाले, “माझी मुलगी झोपेतसुद्धा फिन्नी बोलते. ऐकून अभिमान वाटतो, आणि काळजात चर्र होतं. म्हणून तिचा मराठीचा तास मी चुकू देत नाही.” लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

तो तास नगरपालिकेच्या शाळेत आठवड्यातून एकदा व्हायचा. बाहेरून आलेल्या मुलांना आपापली भाषा शिकता यावी म्हणून. पुढच्या वर्षी हे सगळे तास बंद करायचं घाटू लागलं. त्यावर नगरपालिकेनं गावसभा ठेवली. मी निर्धास्त गेले. भाषेसाठी झटणारं मंडळ आपल्या बाजूनं आहे, याची मला खात्री होती.

मंडळाच्या वतीनं आइला उठली. म्हणाली, “या तासांची गरज नाही. मुलांना फिन्नीच हवी. आमच्याच एका भारतीय सभासदानं सांगितलंय: माझी मुलगी झोपेतसुद्धा फिन्नी बोलते, मला अभिमान वाटतो.”

एवढंच बोलून ती खाली बसली.

मी उठले. “आइला, माझं बोलणं अर्धंच सांगितलंस. पुढचं सांग.” अध्यक्ष म्हणाले, पाहुण्यांनी शांतता राखावी. पाहुण्यांनी! मीच मग पुढचं वाक्य त्यांच्या भाषेत, चांगल्या व्याकरणात सांगितलं. काही उपयोग झाला नाही. तास बंद झाले.

नंतर आइला माझ्या घरी आली. “ते तुझ्याविरुद्ध नव्हतं गं, भाषेसाठी होतं.”

“माझ्या आजोबांसाठी तू रडली होतीस.”

“ते वेगळं,” ती म्हणाली.

तिला मी चहा विचारला नाही. आपल्याकडं वैऱ्यालाही विचारतात.

मंडळ सोडलं. आबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, “बाईनं दगा केला, खरंय. पन बोलीनं काय केलं? त्या आश्रमातल्या म्हाताऱ्यांशी बोलायचं बंद करू नको.” करत नाही. त्यांचं दुखणं-खुपणं मी त्यांच्याच भाषेत ऐकते. पण आता या गावात कुणी कौतुक केलं, की हे बोलणं उद्या कुठं वापरलं जाईल, असं मनात येतंच.

माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठं, हे मला विचारू नका. बोरीत सई चार वाक्यांत अडते, पोरं हसतात. इथं मी पाहुणी. रविवारी मात्र ती आबांना फोन लावते. तिला एखादा शब्द सापडत नाही, ती थांबते. मी सुचवायला जाते, तर आबा तिकडून म्हणतात, “तू गप. तिला बोलू दे.” मग दोघंही थांबतात, तो शब्द येईपर्यंत. तेवढा वेळ मी घरी असते.